विम्याचा हप्ता : घराचा आणि मोटारगाडीचा

पनवेलहून रोह्यास जाणाऱ्या आगगाडीच्या मार्गावर नागोठणें सोडल्यावर निडी हें लहानसें स्थानक लागतें. एकीकडे अंबा, दुसरीकडे कुंडलिका, मध्यें भाताचीं खाचरें आणि कौलारू घरें, असा हा मुलूख आहे. याच अंबेच्या पुरानें १९८९ च्या जुलैंत जांभूळपाड्याची वाताहत झाली. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळलें, तेव्हां रायगड जिल्ह्यांतील हजारों घरांचीं छपरें उडून गेलीं. मुंबई-पुण्यास राहणाऱ्या कित्येक कुटुंबांचें वडिलोपार्जित घर अशा गांवीं असतें, आणि गणपतीला तेथें जाण्यासाठीं दारांत मोटारगाडी असते. गाडीचा विमा कायद्याच्या धाकानें उतरविला जातो. घराचा बहुधा राहून जातो. हप्ता कशावर ठरतो हें मात्र दोन्ही बाबतींत फारच थोड्यांस ठाऊक असतें.

हप्ता म्हणजे बचत नव्हे. तो एका वर्षाच्या धोक्यांतील आपला वांटा होय. समजा, एक हजार घरांच्या मालकांनीं एकत्र येऊन ठरविलें कीं, वर्षांत ज्याचें नुकसान होईल त्याचें सर्वांनीं मिळून भरून द्यावयाचें. एकंदर नुकसान आठ लक्ष रुपयांचें झालें, तर प्रत्येकाच्या वांट्यास ८०० रुपये येतील. त्यांत कारभाराचा खर्च, कांहीं गंगाजळी आणि सरकारचा कर मिळविला कीं हप्ता तयार झाला. म्हणून वर्ष निर्विघ्न गेलें असतां “पैसे फुकट गेले” असें म्हणणें बरोबर नाहीं. ते ज्याचें छप्पर उडालें त्याच्या कामीं आले. पुढच्या वर्षीं पाळी कोणाची, हें कोणीच जाणत नाहीं.

घराच्या विम्यांत पहिला प्रश्न असा कीं, घराची किंमत कोणती धरावी? बाजारांतील किंमतींत जमिनीचें मोल असतें. पण जमीन जळत नाहीं कीं उडून जात नाहीं. म्हणून तेंच घर आज पुन्हां बांधण्यास जो खर्च येईल तोच विम्यासाठीं धरावयाचा. पुष्कळ गृहस्थ हप्ता वांचविण्यासाठीं हा आंकडा निम्मा सांगतात. याचा परिणाम जुन्या पद्धतीच्या विम्यांत कठोर होई. घर ४० लाखांचें, विमा २० लाखांचा आणि नुकसान ४ लाखांचें, तर हातीं केवळ २ लाख येत. कारण उरलेल्या निम्म्या धोक्याचा भार मालकानें स्वतःच पत्करला, असें मानलें जाई. १ एप्रिल २०२१ पासून सर्व सामान्य विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही एकाच नमुन्याची पॉलिसी देणें बंधनकारक झालें. तींत घराचें क्षेत्रफळ व बांधणीचा दर खरा सांगितला असेल तर अशी प्रमाणशीर कपात होत नाहीं. आग, वादळ, पूर, भूकंप, दरड कोसळणें हे धोके तींत येतात. घरांतील सामानासाठीं इमारतीच्या विम्याच्या २० टक्के, परंतु जास्तींत जास्त १० लाख रुपयांपर्यंतचें संरक्षण आपोआप मिळतें.

मोटारगाडीच्या हप्त्याचे दोन भाग असतात, आणि ते वेगळे ओळखणें अगत्याचें आहे. गाडीमुळें परक्या माणसास इजा झाली तर त्याची भरपाई करणारा भाग सक्तीचा आहे. १९३९ च्या मोटार कायद्यांतील ही सक्ती १ जुलै १९४६ पासून अमलांत आली, आणि १९८८ च्या कायद्यानें ती कायम ठेवली. या भागाचा दर सरकार इंजिनाच्या आकारमानावरून ठरवितें. कंपनी कोणतीहि असो, तो सारखाच.

दुसरा भाग स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. तो ऐच्छिक असून त्याचा दर कंपनीगणिक बदलतो. तो गाडीच्या घोषित किंमतीवर अवलंबून असतो, आणि ही किंमत वयाबरोबर उतरते. सामान्यतः दुसऱ्या वर्षीं २० टक्के, तर पांचव्या वर्षीं ५० टक्के घट धरतात. हप्ता कमी व्हावा म्हणून ती आणखी खालीं आणली, तर गाडी चोरीस गेल्यावर भरपाईहि तेवढीच कमी मिळते.

वर्षांत एकहि मागणी न केल्यास या दुसऱ्या भागावर पुढील वर्षीं २० टक्के सूट मिळते. ती वाढत वाढत पांच वर्षांनीं ५० टक्क्यांवर जाते. येथें हिशेब करावा. मूळ हप्ता १०,००० रुपये असून निम्मी सूट मिळत असेल, तर ४,००० रुपयांच्या खरचट्यासाठीं मागणी करणारा पुढच्याच वर्षीं ५,००० रुपये जास्त भरतो. किरकोळ दुरुस्ती पदरमोड करून करणें त्यास स्वस्त पडतें. आणखी एक गोष्ट पावसाळ्यांतील. पुराच्या पाण्यांत उभी राहिलेली गाडी चालू करण्याचा प्रयत्न करूं नये. त्यामुळें बिघडलेलें इंजिन साध्या पॉलिसींत बहुधा येत नाहीं. त्यासाठीं निराळी जोड घ्यावी लागते.

शेवटीं भरण्याच्या वेळेविषयीं. विमा कायद्याच्या ६४ व्ही-बी कलमानुसार हप्ता पोंचल्याशिवाय कंपनीवर जोखीम येत नाहीं. चेक परत आला तर संरक्षण उरत नाहीं. मुदत संपल्यावर ९० दिवसांच्या आंत नूतनीकरण केलें तर गाडीवरील सूट टिकते. पण मधल्या दिवसांतील अपघाताचा भार मालकाच्याच शिरावर राहतो, आणि अशी गाडी रस्त्यावर आणणें हा गुन्हाहि ठरतो.

आकाशांत ढग जमल्यावर कौलें शाकारण्यास माणूस मिळत नाहीं, हें कोकणांतील प्रत्येक घर जाणतें. विम्याचेंहि तसेंच आहे. उन्हाळ्यांत एक दुपार काढून दोन्ही पॉलिसी समोर घ्याव्या, आणि हप्त्याच्या आधीं ज्या किंमतीवर तो आकारला आहे तो आंकडा वाचावा. हप्ता थोडा की फार, हें त्या आंकड्यावांचून कळत नाहीं.