त्रिकोणापासून षट्कोनापर्यंत

चेन्नईतील गिंडी परिसरात गेले की इतिहासाच्या विद्यार्थ्याला दोन मोजमापे आठवतात. जवळच्याच सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशी १० एप्रिल १८०२ रोजी विल्यम लॅम्ब्टनने साडेसात मैलांची आधाररेषा मोजायला घेतली. त्या रेषेवर रचलेल्या त्रिकोणांनी पुढे हिमालयापर्यंतचा हिंदुस्थान नकाशात बसवला. गिंडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे मूळही १७९४ साली मद्रासेत निघालेल्या भूमापन शाळेत आहे. दुसरे मोजमाप आपल्या काळातले. गिंडीच्या जंगलातून काढून दिलेल्या जमिनीवर १९५९ साली आयआयटी मद्रास उभी राहिली. तिथल्या अभियंत्यांनी गेल्या दशकात एक साधा प्रश्न लावून धरला : मोबाइलच्या एका टॉवरची हद्द किती असावी? प्रश्न तांत्रिक दिसतो. माझ्या मते तो धोरणाचा आहे.

मोबाइलचे जाळे एका जुन्या अडचणीतून जन्मले. रेडिओलहरींचा पट्टा मर्यादित असतो. शहराच्या मध्यभागी एकच शक्तिशाली प्रक्षेपक उभारला, तर एका वेळी मोजकीच माणसे बोलू शकतात. १९४७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या डग्लस रिंग यांनी वेगळा मार्ग मांडला. शहराचे षट्कोनी कप्पे पाडायचे, प्रत्येक कप्प्यात कमी शक्तीचा प्रक्षेपक ठेवायचा आणि शेजारच्या कप्प्याला वेगळी वारंवारता द्यायची. मग थोड्या अंतरावर तीच वारंवारता पुन्हा वापरता येते. हा कप्पा म्हणजेच ‘सेल’. माणूस चालू लागला की त्याचे संभाषण एका टॉवरकडून दुसऱ्याकडे सोपवले जाते. कप्पे जितके लहान, तितकी जास्त माणसे एकाच वेळी बोलू शकतात.

भारतात पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. कलकत्त्याहून ज्योती बसू दिल्लीतील सुखराम यांच्याशी बोलले. चेन्नईसह चार महानगरांत ही सेवा आधी आली. तेव्हा मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता आणि आलेला कॉल घेण्यासाठीही पैसे मोजावे लागत. १९९९ च्या दूरसंचार धोरणाने ठोक परवाना शुल्काऐवजी महसुलातील वाटा घेण्याची पद्धत आणली, तर २००३ पासून येणारा कॉल निःशुल्क झाला. फोन रिक्षावाल्याच्या आणि भाजीवालीच्या हाती आला, तो यंत्र स्वस्त झाल्यामुळे जितका, तितकाच नियम बदलल्यामुळे.

परंतु शहराला सोयीचा लहान कप्पा खेड्याला महाग पडतो. टॉवर अधिक आणि ग्राहक थोडे, असा हा हिशेब. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने पाचव्या पिढीच्या म्हणजे ५जी तंत्रज्ञानासाठी ग्रामीण चाचणीच्या अटी ठरवल्या, तेव्हा त्यांत दोन टॉवरमधले अंतर १,७३२ मीटर धरले होते आणि ताशी ५०० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या प्रवाशाचाही विचार होता. आपल्या खेड्यांचे चित्र निराळे आहे. ऑप्टिकल फायबर पोहोचवायचे ते ग्रामपंचायतीपर्यंत, आणि दोन ग्रामपंचायतींत काही किलोमीटरचे अंतर. म्हणून भारताने आग्रह धरला की सहा किलोमीटर अंतराचीही कसोटी असावी. तिथला माणूस पायी किंवा संथ वाहनातून जाणारा समजावा. २०१७ साली ती कसोटी स्वीकारली गेली. अंतर साडेतीन पट वाढले की एका टॉवरखालचे क्षेत्र सुमारे बारा पट होते.

यात खरी अडचण टॉवरची नसून हातातल्या फोनची आहे. टॉवर मोठ्याने ओरडू शकतो. फोनच्या छोट्या बॅटरीला कुजबुजण्याइतकेच बळ असते. दूरच्या गावाला टॉवरचे ऐकू येते, पण गावाचे टॉवरला ऐकू जात नाही. आयआयटी मद्रास, आयआयटी हैदराबाद आणि चेन्नईतीलच ‘सीईडब्ल्यूआयटी’ या संस्थांनी फोनकडून निघणाऱ्या लहरीतील चढउतार जवळजवळ सपाट करण्याची पद्धत पुढे आणली. त्यामुळे फोन आपली शक्ती पूर्णपणे वापरू शकतो. हे भारतीय मानक ‘५जीआय’ या नावाने २०२१ साली आंतरराष्ट्रीय मान्यतेपर्यंत पोहोचले. वेगळ्या मानकामुळे फोन आणि उपकरणे महागतील, हा मोबाइल कंपन्यांचा आक्षेप रास्तच होता. अखेरीस त्यातील तत्त्वे २०२२ मध्ये पूर्ण झालेल्या जागतिक मानकाच्या सतराव्या आवृत्तीत सामावली गेली. मला हा तह वाटतो, पराभव नव्हे.

तरीही मानकात असणे आणि टॉवरवर असणे यांत अंतर आहे. माझ्या सेवाकाळात एका डोंगराळ तालुक्यात मी एक रास्त धान्य दुकानदार पाहिला. अंगठा घेण्याचे यंत्र हातात घेऊन तो टेकडीवर चढत होता आणि मागे धान्यासाठी आलेल्या वृद्ध स्त्रिया. कार्यालयातल्या अहवालात ते गाव ‘जाळ्याखाली’ होते. महसुली गावाच्या एका कोपऱ्यात सिग्नल आला की अख्खे गाव मोजले जाते. पाडे आणि वस्त्या बाहेरच राहतात. मेळघाटात किंवा अक्राणीत काम केलेल्या कोणालाही हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही.

दूरसंचाराच्या सार्वत्रिक सेवेसाठी २००२ पासून स्वतंत्र निधी आहे. २०२३ च्या कायद्याने त्याचे नाव ‘डिजिटल भारत निधी’ झाले. त्यातून अनुदान देताना दोन अटी घालाव्यात, असे मला वाटते. दूर अंतराच्या या पद्धती उपकरणांत प्रत्यक्ष सुरू असाव्यात, हे पहिले. आणि मोजणी टॉवरपाशी न करता शेवटच्या वस्तीवर, साध्या फोनवरून, तिथून आवाज बाहेर जातो का हे पाहून व्हावी, हे दुसरे.

लॅम्ब्टनच्या त्रिकोणांत डोंगरमाथे होते, माणसे नव्हती. त्याचे काम त्यावाचून अडत नव्हते. आपले षट्कोन माणसांसाठी आहेत. ते दुकानदाराला टेकडीवरून खाली उतरवू शकले, तरच देश खऱ्या अर्थाने मोजला गेला असे म्हणता येईल.