हडपसरला उतरलेलं पोतं

पहाटे ५:१०
गाडीतळावर ट्रॅव्हल्स पाच मिनिटंही थांबत नाही. किन्नर डिकी उघडतो आणि ओरडतो, "लोहा, लोहा! कोण हाय लोह्याचं?" आम्ही सात-आठ जण कानटोप्या सावरत पुढं होतो. काल संध्याकाळी मायनं लोह्यात चढवलेलं पोतं रात्रभरात लातूर, बार्शी करत इथं आलेलं असतं. साखरेचं रिकामं पोतं धुऊन, तोंड सुतळीनं शिवून, वर निळ्या पेनानं माझं नाव आणि मोबाइल नंबर. किन्नरच्या हातावर शंभराची नोट ठेवायची, पोतं खांद्यावर घ्यायचं.

फोन येतोच. "घेतलास का? तेल सांडलं का बघ."
"नाही सांडलं, माय."
"मग झोप जराशीक."

आता कुठली झोप!

६:३०
मांजरीत आमची एक खोली आणि तिला चिकटलेला ओटा. भाडं नऊ हजार, राहणारे तिघे. एक आयटी पार्कच्या गेटवर गार्ड, दुसरा दुचाकीवरून पार्सलं वाटतो. दोघेही कंधार-लोह्याकडचेच. परगावच्या बॅचलर पोरांना खोली द्यायला घरमालक नाक मुरडतात, त्यामुळं एकदा मिळालेली खोली गाववाल्यांत फिरत राहते. मी पाचवा का सहावा.

पोतं उघडलं. दहा किलो ज्वारीचं पीठ, चार किलो तूरडाळ, फोडलेल्या शेंगांचे दाणे, बोर्नव्हिटाच्या बरणीत लसणाची चटणी, आणि करडीच्या तेलाचा पाच लिटरचा कॅन. कॅनच्या झाकणाखाली प्लास्टिकचा कागद, त्यावर तीन रबरं, वरून पुन्हा चिकटपट्टी. करडीचं घाण्याचं तेल पुण्यात दुकानात विचारून पाहा. भाव ऐकून मी बाटली परत फळीवर ठेवली होती.

भाकरी थापायला तिघांत फक्त गार्डला येते. म्हणून त्याला भांडी घासायला लावत नाही. गॅस म्हणजे पाच किलोची छोटी टाकी. तिला पत्त्याचा पुरावा लागत नाही, पण किलोमागं ती मोठ्या घरगुती टाकीपेक्षा महाग पडते. पुण्यात पत्ता नसण्याची किंमत अशी टाकीगणिक मोजावी लागते.

८:१५
पीएमपी. उभ्यानं. पास जून २०२५ मध्ये नऊशेवरून पंधराशेवर गेला.

१०:००
माझं काम सांगितलं की गावाकडं कुणाला पटत नाही. कंपन्यांनी परदेशातून बोलावलेल्या साहेबांना पुण्यात घर शोधून द्यायचं, पोरांची शाळा दाखवायची, कागदपत्रं करायची आणि भाजी कुठं मिळते तेही सांगायचं. "म्हणजे दलाली," असं चुलते म्हणाले. दलाली नव्हे, मला पगार आहे.

आजचं जोडपं जर्मन. तो चाकणच्या एका कारखान्यात तीन वर्षांसाठी आलाय. कल्याणीनगरातला तीन बेडरूमचा फ्लॅट, पाचवा मजला, समोर झाडं. मागचा भाडेकरू पंच्याऐंशी हजार देत होता, हे मला ठाऊक आहे, कारण त्यालाही मीच आणला होता. आज एजंटनं मला जिन्यात गाठलं. "गोरे आहेत. एक दहा सांगतो. भाडं कंपनीच भरणार, तुमचं काय जातं?"

माझं खरंच काही जात नाही. तरी डोक्यात आकडे फिरायला लागतातच. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. एक लाख दहा हजार म्हणजे जवळजवळ एकवीस क्विंटल, आणि तेही हमीभाव हातात पडला तर. आमची कोरडवाहू जमीन पावसानं साथ दिली तर एकरी सहा-सात क्विंटल देते. म्हणजे तीन एकरांचा अख्खा खरीप या फ्लॅटचं एका महिन्याचं भाडं. आणि तो माणूस बाल्कनीत उभा राहून बायकोला सांगत होता, आपल्या गावाच्या मानानं हे फार नाही.

मी भाडं पंच्याण्णववर आणलं. पूर्ण खाली आणता आलं नाही. परदेशी माणसाला वेगळा भाव ही गोष्ट काही घरमालकांनीच काढलेली नाही म्हणा; शनिवारवाड्याच्या खिडकीवर भारतीयाला २५ रुपये आणि परदेश्याला ३०० अशी पाटीच आहे.

परतताना गाडीत बाईंनी मला विचारलं, "तुम्ही पुण्याचेच?"
"नाही, लोह्याचा. नांदेड जिल्हा. साडेचारशे किलोमीटर."
"म्हणजे तुम्हीही बाहेरचेच," त्या म्हणाल्या. ड्रायव्हर अहमदपूरचा. तो आरशातून माझ्याकडं बघून हसला.

दुपारी १:००
डबा. भाकरी, वरण, चटणी.

२:३०
कागदं. यात काही गोष्टी अशा आहेत की वाचून मी पहिल्यांदा चाटच पडलो होतो. परदेशी माणसाला इथं नोकरीचा व्हिसा हवा तर पगार वर्षाला किमान १६.२५ लाख लागतो. त्याच्या देशाचे पदार्थ रांधणारे आचारी, इंग्रजीखेरीज दुसरी भाषा शिकवणारे शिक्षक आणि वकिलातीतली माणसं अशा मोजक्यांनाच त्यातून सूट. स्वस्तातला परदेशी माणूस सरकारला नकोच आहे. व्हिसा १८० दिवसांहून जास्त मुदतीचा असेल तर उतरल्यापासून १४ दिवसांत नोंदणी. घरमालकानं परदेशी भाडेकरू आल्याचं २४ तासांत ऑनलाइन कळवायचं. मग अकरा महिन्यांचा करार, त्याची नोंदणी, पोलिसांकडं भाडेकरूची माहिती. शेवटच्या तीन गोष्टी आमच्या खोलीलाही लागतात. आमच्या मालकानं अजून एकही केलेली नाही.

साहेबांच्या करारात घरभाडं, गाडी, वर्षातून एकदा मायदेशी जायचं विमान आणि हिंजवडीच्या शाळेची फी आहे. ही महिंद्रा इंटरनॅशनल स्कूल, पूर्वीची मर्सिडीज-बेन्झ इंटरनॅशनल स्कूल, १९९८ मध्ये सुरू झाली. शिवाय शहराच्या महागाईप्रमाणे मिळणारा भत्ता. त्याला आमच्या ऑफिसात 'कोला' म्हणतात. पहिल्या आठवड्यात मला वाटलं होतं, पेयाचं काहीतरी असेल.

हा भत्ता काढायला कंपन्या ज्या याद्या वापरतात, त्यांतली मर्सरची यादी प्रसिद्ध. न्यूयॉर्क मोजमापाला धरून दोनशेहून अधिक वस्तू-सेवांचे भाव तपासतात. २०२४ च्या यादीत २२६ शहरं होती. सगळ्यात महाग हाँगकाँग, मुंबई १३६ वी, पुणे २०५ वं. म्हणजे आम्ही तळाशी, पुणं स्वस्त. हे मी खोलीवर वाचून दाखवलं तेव्हा पार्सलवाला म्हणाला, "कामून, त्यायला कांदे कुठं मिळायलेत स्वस्त?"

यादी खोटी नाही. ती तिच्या माणसासाठी बनवलेली आहे. तिच्यात घर आहे, कपडे आहेत, करमणूक आहे. पहाटे उतरणारं पोतं नाही, आणि महिन्याच्या सहा तारखेला उलट्या दिशेनं जाणारे पैसे नाहीत. आमच्यातल्या कुणाचाच खर्च एका चुलीचा नसतो.

५:१५
कॅम्पात दोराबजीचं दुकान. बाईंना चीज, ऑलिव्ह तेल आणि काळा पाव हवा होता. बिल सहा हजारांच्या वर. चीज जर्मनीपेक्षा कितीतरी महाग, असं म्हणत त्यांनी पावती दोनदा वाचली. नंतर गाडीत विचारलं, स्वयंपाकाच्या बाईला महिन्याला किती द्यायचे? मी चालू दर सांगितला. त्यांनी तो आकडा पुन्हा विचारला. "महिन्याला?" मी हो म्हटलं. थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही. मग मीच म्हणालो, तुम्ही जास्त दिलेत तर कुणी नको म्हणणार नाही.

हे माझ्या कामात बसत नाही. एजंटचं ऐकून घेणंही बसत नाही, फिटंफाट.

१०:१५
पगार सव्वीस हजार. भविष्यनिधीचे अठराशे आणि व्यवसाय कराचे दोनशे कापून हातात चोवीस. खोलीचे तीन हजार, दूध-भाजी-गॅसला साडेतीन, पास, मोबाइल, चहापाणी, औषध. गावाकडं आठ हजार. यातून तीन-साडेतीन हजार शिल्लक पडायला हवेत. पडत नाहीत. दिवाळीला आणि आमच्याकडच्या माळेगावच्या यात्रेला घरी जायचं असतं. ट्रॅव्हल्सनं एसटीच्या भाड्याच्या दीडपटीहून जास्त घ्यायचं नाही असा सरकारचा २०१८ चा नियम आहे, पण दिवाळीच्या चार दिवसांत तो मला तरी कधी भेटलेला नाही.

पोत्यातल्या मालाची आज मी किंमत काढली. इथल्या दुकानाच्या भावानं साधारण अडीच हजार झाली. मायला फोनवर सांगितली.

"पैशे मोजायलास का?" ती रागावली. "पोतं धाड वापस. अन् कॅन बी."

पोत्याची घडी केली, कॅन धुऊन पालथा ठेवला. उद्या रात्रीच्या गाडीला गाडीतळावर नेऊन द्यायचं. रिकाम्या पोत्याचे पैसे किन्नर घेत नाही.