पाठांतर नव्हे, इलेक्ट्रॉनचा माग : भोपाळची अभिक्रिया आणि ‘नीट’चा अभ्यास

दंतवैद्यकाच्या पदवी अभ्यासक्रमाचा, म्हणजेच बीडीएसचा प्रवेश ‘नीट’ परीक्षेच्या गुणांवर ठरतो. बांबोळी येथील गोवा दंत महाविद्यालयही त्याला अपवाद नाही. या परीक्षेतील ७२० गुणांपैकी १८० गुण रसायनशास्त्राच्या ४५ प्रश्नांना असतात. अचूक उत्तरास चार गुण मिळतात, चुकीच्या उत्तरामागे एक गुण वजा होतो. त्यामुळे सेंद्रिय रसायनशास्त्रातील अभिक्रिया केवळ पाठ करणारा विद्यार्थी अडचणीत येतो. प्रश्नातील एखादा गट बदलला की पाठांतर कोलमडते आणि अंदाजाने दिलेले उत्तर गुण घेऊन जाते.

या अभिक्रिया समजून घेण्याची किल्ली एका प्रश्नात आहे : रेणूत इलेक्ट्रॉन कोठे अधिक आहेत आणि कोठे उणे? त्याचे उत्तर किती दूरवर पोहोचते, हे भोपाळच्या उदाहरणावरून कळते.

टाकीत काय घडले?

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री भोपाळ येथील युनियन कार्बाइडच्या कीटकनाशक कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायूची गळती झाली. सुमारे ४० टन द्रव साठवलेल्या टाकीत पाणी शिरले होते. शीतकरण यंत्रणा बंद होती. हा द्रव अवघ्या ३९ अंश सेल्सिअसला उकळतो. पाण्याशी झालेल्या अभिक्रियेतून उष्णता व कार्बन डायऑक्साइड निर्माण झाला, दाब वाढत गेला आणि विषारी वायू झोपलेल्या वस्त्यांवर पसरला. मध्य प्रदेश सरकारने वायुगळतीमुळे झालेले ३,७८७ मृत्यू निश्चित केले. प्रत्यक्षातील बळींचा आकडा याहून मोठा असल्याचे पीडितांच्या संघटना सांगत आल्या आहेत.

एकच कार्बन, अनेक अभिक्रिया

आयसोसायनेट गटात कार्बनच्या एका बाजूस नायट्रोजन, दुसऱ्या बाजूस ऑक्सिजन असतो. दोघेही इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतात, त्यामुळे मधल्या कार्बनवर अंशतः धनभार येतो. पाण्यातील ऑक्सिजनजवळ मोकळी इलेक्ट्रॉन जोडी असते. ती या कार्बनकडे झेपावते. त्यातून बनणारे संयुग अस्थिर असते. ते फुटून मिथाइल अमाइन आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतात.

कारखान्यातील उत्पादनही याच तत्त्वावर चाले. फॉस्जीनमधील इलेक्ट्रॉन-उण्या कार्बनवर मिथाइल अमाइनच्या नायट्रोजनने हल्ला केला की मिथाइल आयसोसायनेट मिळे. पुढे त्याच्या कार्बनवर नॅप्थॉलच्या ऑक्सिजनने हल्ला केला की ‘सेव्हिन’ हे कीटकनाशक तयार होई. हल्ला करणारा बदलला. नियम तोच राहिला.

बारावीच्या पुस्तकातील दुवा

बारावीच्या अमाइन्सच्या प्रकरणात हॉफमन ब्रोमामाइड अभिक्रिया आहे. अमाइडवर ब्रोमीन व अल्कलीची क्रिया केल्यास एक कार्बन कमी असलेले अमाइन मिळते. ‘एक कार्बन कमी’ हे शब्द विद्यार्थी पाठ करतात. तो कार्बन जातो कोठे, हे मात्र अनेकदा विचारले जात नाही. एसिटामाइडपासून आरंभ केल्यास मधल्या टप्प्यावर मिथाइल आयसोसायनेटच तयार होतो. अल्कलीच्या द्रावणात त्याचे विघटन होऊन मिथाइल अमाइन उरते आणि हरवलेला कार्बन कार्बोनेटच्या रूपाने बाहेर पडतो. दोन कार्बनच्या एसिटामाइडपासून एका कार्बनचे मिथाइल अमाइन का मिळते, याचे उत्तर येथे आहे.

अभ्यास कसा करावा?

अभिक्रियेचे नाव लिहिण्यापूर्वी रेणूची रचना काढावी. इलेक्ट्रॉन-उणा अणू आणि मोकळी इलेक्ट्रॉन जोडी असलेला अणू यांवर खुणा कराव्यात. कोणता बंध जुळतो, कोणता तुटतो, हे बाणाने दाखवावे. मग पुस्तक मिटून उत्पादित स्वतः लिहावे आणि पडताळावे. अभिकारक व तापमान यांसारख्या अटी मात्र पाठ कराव्याच लागतात. त्यांना पर्याय नाही.

ही दृष्टी प्रवेशानंतरही उपयोगी पडते. दात बधिर करण्यासाठी पूर्वी वापरले जाणारे प्रोकेन हे एस्टर रक्तातील विकरामुळे पाण्याशी संयोग पावून लवकर फुटते. आज प्रचलित असलेले लिडोकेन हे अमाइड त्या मानाने टिकून राहते. तेथेही प्रश्न इलेक्ट्रॉन-उण्या कार्बनचाच असतो. मात्र उत्तराशी समोर बसलेल्या रुग्णाची वेदना जोडलेली असते.