ट्रॅक्टरच्या क्लचमधील पायलट बेअरिंग

मृगाचा पाऊस होऊन वापसा आला म्हणजे शेतकऱ्यास एकेक दिवस मोलाचा असतो. नेमक्या अशा वेळी क्लचच्या दुरुस्तीसाठी ट्रॅक्टर उभा राहिला, तर पेरणी लांबते. तीच दुरुस्ती पुन्हा करण्याची पाळी आली, तर मजुरी दुप्पट आणि वाफही निघून जाते. अशा दुहेरी खर्चाचे एक कारण म्हणजे दुर्लक्षिलेले पायलट बेअरिंग होय.

हे लहानसे बेअरिंग फ्लायव्हीलच्या किंवा क्रँकशाफ्टच्या मध्यभागी असते. गिअरपेटीतून पुढे आलेल्या क्लच शाफ्टचे टोक त्यात टेकते. क्लच जोडलेला असताना इंजिन व शाफ्ट एकाच गतीने फिरतात. त्या वेळी या बेअरिंगला जवळजवळ विश्रांतीच असते. पेडल दाबताच दोहोंची गती निराळी होते आणि त्याचे खरे काम सुरू होते. म्हणूनच गिअर टाकून, पेडल दाबून बराच वेळ उभे राहण्याची सवय त्यास मारक ठरते. थांबावयाचे असल्यास गिअर न्यूट्रलमध्ये आणून पाय काढून घ्यावा.

गिअर टाकून पेडल पूर्ण दाबल्यावर घरघर ऐकू आली, तर या बेअरिंगचा संशय घ्यावा. पेडल हलके दाबताच सुरू होणारा आवाज बहुधा रिलीज बेअरिंगचा असतो. पायलट बेअरिंग जाम झाले, तर पेडल दाबूनही शाफ्ट फिरत राहते, गिअर खडखडतो आणि ट्रॅक्टर हळूहळू पुढे सरकतो.

या जागी हात पोहोचण्यासाठी इंजिन व गिअरपेटी वेगळी करावी लागतात. त्या श्रमाच्या मानाने बेअरिंगची किंमत अल्प असते. यास्तव क्लच प्लेट बदलताना जुने बेअरिंग बरे दिसले तरी नवेच घालणे हिताचे.

काम सपाट व टणक जागेवर, बॅटरीची तार सोडून करावे. पुढील ॲक्सल मध्यावर डुलणारा असल्याने त्याच्या दोन्ही बाजूंस लाकडी पाचरी ठोकाव्यात. नाहीतर इंजिनाचा भाग कलंडतो. दोन्ही भागांस भक्कम टेकू द्यावेत, केवळ जॅकवर विसंबू नये. जुन्या क्लच प्लेटच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकते. ती हवेने न उडविता ओल्या फडक्याने पुसावी.

जुने बेअरिंग आतून पकडणाऱ्या पुलरने काढावे. त्यावरील क्रमांक पाहूनच नवे आणावे. उदाहरणार्थ, ६२०३ क्रमांकाचे बेअरिंग आतून १७, बाहेरून ४० व रुंदीस १२ मिलिमीटर असते. ६२०२ क्रमांकाचे अनुक्रमे १५, ३५ व ११ मिलिमीटर असते. क्रमांक एका आकड्याने चुकला तरी ते बसणार नाही.

नवे बसविण्यापूर्वी खाच स्वच्छ पुसावी. बाहेरच्या कड्याएवढ्या व्यासाचा नळीचा तुकडा टेकवून, हलक्या ठोक्यांनी ते सरळ तळाशी बसवावे. ठोका आतल्या कड्यावर पडल्यास गोळ्यांच्या वाटेत खड्डे पडतात व नवे बेअरिंग पहिल्या दिवसापासूनच खराब होते. एकाच बाजूस झाकण असल्यास ते क्लच प्लेटकडे ठेवावे. दोन्ही बाजूंनी बंद असलेल्यास ग्रीस लागत नाही. उघड्यास उष्णता सोसणारे ग्रीस थोडेच लावावे. जास्त झालेले ग्रीस उडून प्लेटवर जाते आणि क्लच घसरतो. सच्छिद्र काशाचा बुश असल्यास तो तेलात भिजवून घालावा. शेवटी बोटाने फिरवून पाहावे.

क्लच प्लेट मध्यावर आणण्यासाठी नमुन्याचे शाफ्ट वापरावे. दोन्ही भाग जुळविताना शेवटचे अंतर मिटेना, तर बोल्ट आवळून ते ओढू नयेत. फ्लायव्हील किंचित फिरवून शाफ्टचे दाते प्लेटमध्ये बसू द्यावेत. बळजबरी केल्यास प्लेट वाकते अथवा नवे बेअरिंग फुटते.

भातखाचरात चिखलणी करणाऱ्यांनी क्लचच्या घरास तळाशी बूच बसविण्याची सोय आहे काय, हे मार्गदर्शिकेत पाहावे. सोय असल्यास चिखलणीपूर्वी बूच लावावे आणि काम संपताच काढावे, म्हणजे आत साचलेले पाणी व तेल निघून जाते. ही सर्व तपासणी उन्हाळ्यातच उरकून घेणारा शेतकरी पेरणीच्या दिवशी निर्धास्त असतो.