थायरॉईडची गोळी आणि धाप : दोष नेमका कोणाचा?

खाली दुकान आणि वर घर, अशी रचना असलेली व्यापारी घरे छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडी, राजाबाजार परिसरात आजही दिसतात. अशा घरातील गृहिणीच्या दिवसात जिन्याच्या कितीतरी खेपा असतात. थायरॉईडची गोळी सुरू होऊन तीन-चार आठवडे झाले आणि तोच जिना चढताना धाप लागू लागली, तर घरातील निष्कर्ष ठरलेला असतो : ‘गोळी सोसत नाही, बंद करून टाका.’ गोळी बंद होते, धाप मात्र जात नाही आणि खरे कारण शोधण्याचे दिवस हातचे जातात.

हा प्रश्न थोड्या घरांचा नाही. मुंबई आणि गोव्यासह देशातील आठ शहरांत झालेली एक पाहणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत सुमारे ११ टक्के प्रौढांमध्ये अवटू ग्रंथीचे, म्हणजे थायरॉईडचे, काम मंदावलेले आढळले. स्त्रियांमध्ये हे प्रमाण पुरुषांपेक्षा अधिक असते. म्हणूनच गोळी सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत लागणाऱ्या धापेची कारणे प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असावीत.

आजार जुना, गोळी नवी

पहिले कारण मूळ आजार हेच असू शकते. ग्रंथीचे काम मंदावले की हृदयाची गती कमी होते, श्वसनाचे स्नायू दुर्बल होतात, वजन वाढते. आजार बळावलेला असल्यास हृदयाभोवती किंवा फुप्फुसाभोवती पाणीही साठते. काहींचा श्वास झोपेत अडखळतो आणि दिवसा थकवा राहतो. गोळीने हे सारे दोन दिवसांत पालटत नाही. औषध रक्तात स्थिरावण्यास वेळ लागतो, म्हणून टीएसएचची फेरतपासणी साधारण सहा ते आठ आठवड्यांनी करतात. तोवर लागणारी धाप ही पुष्कळदा मागील बाकी असते, नवे कर्ज नव्हे.

मात्रा अधिक झाली तर

गोळी मात्र नेहमीच निर्दोष असते असेही नाही. मात्रा गरजेपेक्षा अधिक झाली, तर छातीत धडधड, हातांना कंप, घाम, निद्रानाश आणि दम लागणे ही लक्षणे एकत्र दिसू लागतात. उतारवयात हृदयाची लय बिघडण्याचाही धोका असतो. हृदयाच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद झालेल्या असतील, तर औषधाने हृदयाचे काम वाढताच आतापर्यंत लपलेला आजार छातीतील दुखण्याच्या किंवा धापेच्या रूपाने प्रकट होतो. याच कारणाने वृद्धांना व हृदयरुग्णांना १२.५ ते २५ मायक्रोग्रॅम इतक्या अल्प मात्रेने आरंभ करून ती हळूहळू वाढवतात. घरात कुणाला पूर्वी हृदयविकाराचा त्रास झाला असेल, तर ती गोष्ट पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगावी. स्वस्थ बसल्यावर नाडीचे ठोके पूर्ण एक मिनिट मोजून लिहून ठेवावेत. ते १०० च्या वर राहत असतील, तर पुढील तपासणीच्या तारखेची वाट पाहू नये.

शाकाहारी घरातील दडलेले कारण

तिसरे कारण जैन कुटुंबांनी विशेष लक्षात घ्यावे असे आहे : रक्तक्षय, म्हणजेच ॲनिमिया. लोह किंवा बी-१२ जीवनसत्त्व कमी पडले की रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते आणि थोड्या श्रमानेही धाप लागते. शाकाहारात बी-१२ मुख्यतः दूध व दुधाच्या पदार्थांतून मिळते. जे दूधही वर्ज्य करतात, त्यांच्यात उणीव होण्याचा संभव अधिक. त्यातच, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवटू ग्रंथीवर उलटल्याने आजार झाला असेल, तर काहींच्या जठरातही तसाच बिघाड होऊन बी-१२ शोषले जात नाही. उणिवेचा हा दोष आहाराचा नाही, दुर्लक्षाचा आहे. एका रक्ततपासणीने ती कळते आणि गोळ्यांनी किंवा इंजेक्शनने भरून निघते.

येथे एक खबरदारी आवश्यक आहे. लोह, कॅल्शियम आणि आम्लपित्ताची काही औषधे थायरॉईडची गोळी शोषली जाऊ देत नाहीत. त्यांच्यात चार तासांचे अंतर ठेवावे.

याशिवाय वाढलेली ग्रंथी श्वासनलिकेवर दाब देत असेल, तर आडवे होताच श्वास कोंडतो, आवाज बदलतो. मोंढ्यातील धान्य-मिरचीच्या धुळीत वर्षानुवर्षे बसणाऱ्या व्यापाऱ्याला दमा असू शकतो. मनातील धास्तीनेही श्वास उथळ होतो. परंतु इतर कारणे तपासून झाल्याविना ‘मनाचे खेळ’ म्हणून रुग्णाला गप्प करणे अन्यायाचे ठरेल.

व्रत आणि औषध

गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर आणि नाश्त्यापूर्वी अर्धा ते एक तास घ्यावयाची असते. दुधाचा चहा लगेच घेतल्यास तिचा गुण उणावतो. नवकारशी करणाऱ्यांनी सूर्योदयानंतरची ४८ मिनिटे पूर्ण झाल्यावर उकाळलेल्या पाण्याबरोबर गोळी घ्यावी आणि नाश्ता आणखी अर्ध्या-एक तासाने करावा. व्रतही राहते, औषधही लागू पडते.

या औषधाचे रक्तातील प्रमाण निम्मे होण्यास सुमारे सात दिवस लागतात. त्यामुळे एका उपवासाला गोळी चुकल्यास सहसा संकट ओढवत नाही. मात्र अठाईसारख्या दीर्घ तपश्चर्येत ती आठ दिवस बंद राहिली, तर पारण्याच्या वेळी शरीर पुन्हा मंदावलेले असते. पर्युषणापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि पच्चक्खाणात औषधाची सूट कशी ठेवावी हे गुरुमहाराजांना विचारावे.

अनेक श्राविकांच्या मनात आणखी एक शंका असते : ही गोळी प्राण्यांपासून होते का? एके काळी तसे होते. १८९१ मध्ये जॉर्ज मरे या इंग्रज डॉक्टरांनी एका रुग्ण स्त्रीवर मेंढीच्या ग्रंथीच्या अर्काने उपचार केले. ती पुढे २८ वर्षे जगली. तेवढ्या काळातील औषधासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. नंतर १९२७ मध्ये चार्ल्स हॅरिंग्टन आणि जॉर्ज बार्जर यांनी थायरॉक्सिन प्रयोगशाळेत तयार केले. आज लिहून दिले जाणारे लेव्होथायरॉक्सिन रासायनिक पद्धतीने बनते. परदेशात राहणाऱ्या कुटुंबांनी मात्र सावध असावे. डुकराच्या ग्रंथीची वाळवलेली पूड असलेल्या गोळ्या तेथे अजूनही मिळतात. गोळीतील पूरक द्रव्यांविषयी शंका असल्यास उत्पादकाकडे विचारणा करावी. तेवढ्यासाठी औषध थांबवू नये.

काय करावे?

धाप केव्हा लागते, जिन्यावर की आडवे झाल्यावर, याची तारखेसह नोंद करावी. मात्रा केव्हा बदलली, कंपनी केव्हा बदलली, हेही लिहावे. रोजमेळ लिहिणाऱ्या घरांना हे जड नाही. गोळ्यांची बाटली एप्रिल-मेच्या उन्हात तापणाऱ्या मोटारीत किंवा गॅसच्या ओट्याजवळ ठेवू नये. उष्णतेने औषधाचा कस कमी होतो. डॉक्टरांना टीएसएचबरोबर हिमोग्लोबिन, लोह, बी-१२ आणि ईसीजी यांविषयी अवश्य विचारावे.

बसल्या जागी धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर होणे, शुद्ध हरपणे किंवा एका पायाला सूज येऊन अचानक श्वास लागणे, यांपैकी काहीही घडल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि जवळच्या रुग्णालयात किंवा घाटीत विनाविलंब जावे. रात्र आहे, दुकान बंद व्हायचे आहे, पाहुणे आले आहेत, अशी कोणतीही सबब येथे चालत नाही.

घरातील स्त्री ‘थोडा दम लागतो’ असे सहज बोलून कामाला लागते. ते बोलणे कुणीतरी त्याच दिवशी मनावर घेतले पाहिजे. गोळी कमी करावयाची की वाढवावयाची, हा निर्णय डॉक्टरांचा. तिला दवाखान्यात घेऊन जाण्याचा निर्णय मात्र घराचा आहे.