शेतकामाची आंखणी आणि घरचा संगणक

शेततळें, कांदाचाळ, पाइपलाइन किंवा द्राक्षांचा मांडव असें एखादें मोठें काम अंगावर घ्यावयाचें म्हणजे शेतकरी पैशाची जुळवाजुळव नीट करतो. दिवसांची मात्र करीत नाहीं. दिवसांचा हिशेब चुकला म्हणजे पैशाचा हिशेब कसा बुडतो, हें आम्हीं २०२४ सालीं आमच्याच रानांत पाहिलें. तो प्रकार आधीं सांगतों, म्हणजे पुढें आंखणीच्या सॉफ्टवेअरविषयीं जें लिहूं तें कोणास पोकळ वाटावयाचें नाहीं.

आमचें तळें ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद व ३ मीटर खोल. उतार एकास एक धरला असतां अशा तळ्यांत सुमारें २,१९६ घनमीटर, म्हणजे जवळ जवळ २२ लाख लिटर पाणी मावतें. ८ मे रोजीं काम सुरू केलें. पहिल्या दिवशीं फक्की टाकून आंखणी, नंतर ८ दिवस पोकलेननें खोदाई, ३ दिवस काठ व उतार चोपणें, २ दिवस कागदाची कड दाबण्याचा चर, आणि शेवटीं ३ दिवस ५०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद अंथरून त्याचे सांधे तापवून जोडणें. सगळे मिळून १७ दिवस. हें सारें भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून, २४ मे रोजीं काम संपणार या समजुतीनें आम्ही निर्धास्त होतों. कागदाची मागणी मात्र खोदाई संपल्यावर, १६ मे रोजीं, नोंदविली. पुरवठादारानें २० दिवस मागितले व तेवढेच घेतले; त्याचा यांत कांहीं दोष नाहीं. ५ जूनला रोल बांधावर उतरले आणि त्याच रात्रीं असा पाऊस कोसळला कीं सकाळीं तळ्याच्या बुडाशीं गुडघाभर राड आणि चोपलेले उतार जागोजाग खचलेले. जमीन वाळल्याशिवाय कागद अंथरतां येत नाहीं. रोल गोठ्यांत झांकून ठेवले, तळें उघडेंच राहिलें, आणि रब्बीचा कांदा निम्म्याच क्षेत्रावर लावावा लागला.

दिवाळींत आमचा पुतण्या कॉलेजांतून घरीं आला, तेव्हां त्यानें हीच कामें संगणकावर मांडून दाखविलीं. प्रत्येक कामाला एक आडवी पट्टी, तिची लांबी म्हणजे लागणारे दिवस, आणि कोणतें काम कोणत्या कामावांचून अडतें तें दाखविणारे बाण. हा पट्ट्यांचा तक्ता हेन्री गँट या अमेरिकन इंजिनियराच्या नांवानें ओळखला जातो व तो पहिल्या महायुद्धाच्या सुमाराचा आहे. कामांच्या साखळींत सर्वांत लांब वाट कोणती हें शोधण्याची रीत १९५७ सालीं ड्यू पाँट कंपनीचे मॉर्गन वॉकर व रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनीं बसविली. इंग्रजींत तिला ‘क्रिटिकल पाथ’ म्हणतात. या वाटेवरील काम एक दिवस लांबलें कीं सगळें काम एक दिवस लांबतें. आमच्या तळ्याची ही वाट खोदाईंतून जात नसून कागदांतून जात होती! जमीन १४ दिवसांत तयार होणार, कागद मागणीनंतर २० दिवसांनीं येणार. पहिल्याच दिवशीं मागणी नोंदविली असती तर २३ दिवसांत, म्हणजे ३० मेपर्यंत, तळें पुरें झालें असतें. आम्हीं घेतलेल्या मार्गानें तें ८ जूनवर गेलें होतें. खोदाईला सहा दिवसांची सवड होती. जिला मुळींच सवड नव्हती ती गोष्ट आम्ही नऊ दिवस विसरून बसलों.

येथें एक गंमत सांगितली पाहिजे. पहिल्या खेपेस संगणकानें ३० मेऐवजीं ७ जून ही तारीख दिली. कारण शोधतां असें दिसलें कीं हीं सॉफ्टवेअरें शनिवार-रविवार सुटी धरूनच चालतात. शेताला कचेरीच्या सुट्या नसतात. म्हणून प्रथम सुट्यांचें पान उघडून ते दोन दिवस कामाचे करावे, आणि आठवड्याच्या बाजारादिवशीं मजूर येत नसतील तर तो दिवस सुटीचा लावावा. पुन्हां त्यांतहि भेद आहे. मजुराचें काम बाजारादिवशीं थांबतें, पण टाकीच्या कांक्रीटचें सुकणें थांबत नाहीं. साध्या सिमेंटच्या कांक्रीटला किमान ७ दिवस व मिश्र सिमेंटच्या कांक्रीटला किमान १० दिवस पाणी मारावें लागतें, आणि ते दिवस अखंड मोजावे लागतात. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्यें असे अखंड दिवस वेगळे लिहिण्याची सोय आहे. दुसरें कांहीं घेणार असाल तर ही सोय आहे कीं नाहीं तें अवश्य पाहावें.

आतां घ्यावें काय? मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट १९८४ पासूनचें, नांवाजलेलें व भरभक्कम आहे; परंतु तें ऑफिसच्या नेहमींच्या संचांत येत नाहीं, त्याचा पैसा निराळा पडतो, आणि आतां पुष्कळदां माणशीं दरमहा भाड्यानें द्यावा लागतो. शेंकडों माणसें व यंत्रें राबविणाऱ्या ठेकेदारास तें परवडेल. वर्षांतून एक-दोन कामें काढणाऱ्या बागाईतदारानें हें भाडें कां भरावें हें आम्हांस समजत नाहीं. यावर उपाय म्हणून तालुक्याच्या एका दुकानांतून चोरटी प्रत दोनशें रुपयांत आणण्याचा मोह आम्हांसहि झाला होता. दोन महिन्यांत ती बंद पडली आणि आमची आंखणी तिच्या पोटांतच अडकून राहिली. तो मार्ग कोणीं धरूं नये.

फुकट व कायदेशीर अशीं दोन नांवें ध्यानांत ठेवण्यासारखीं आहेत. गँटप्रोजेक्ट हें २००३ पासून चालत आलेलें. हलकें, साधें, तास-दीड तासांत हातीं बसणारें. प्रोजेक्टलिब्रे हें २०१२ चें; याची मांडणी मायक्रोसॉफ्टसारखी असून तिकडच्या फायली यांत उघडतात. इंजिनियराकडून किंवा ठेकेदाराकडून तशी फाइल येत असेल तर हेंच घ्यावें. आम्ही स्वतः गँटप्रोजेक्ट वापरतों. दहा-बाराच कामें असतील तर लिब्रेऑफिसच्या तक्त्यांत ‘आधीचें काम संपलें त्याच्या दुसऱ्या दिवशीं हें सुरू’ एवढें सूत्र मांडूनहि निभावतें. मात्र तेथें बाण नाहींत, सवड आपण होऊन दिसत नाहीं.

इंटरनेटवर चालणारीं सॉफ्टवेअरेंहि पुष्कळ आहेत. त्यांच्या फुकट भागांत पुष्कळदां पट्ट्यांचा तक्ताच नसतो, आणि वीज व रेंज दोन्ही एकदम गेल्यावर आपलीच आंखणी आपणांस दिसत नाहीं. घरच्या संगणकांत उतरवून घेतलेलें बरें. कामांचीं नांवें मराठींत लिहावयाचीं असल्यास आधीं दोन ओळी छापून पाहाव्या; पडद्यावर नीट दिसणारीं जोडाक्षरें कागदावर कधीं कधीं तुटतात.

२०२५ सालीं आम्हीं तळें पुन्हां काढलें. कागद घरांत होताच. उतार, चर व अंथरणें एवढेंच मांडावयाचें होतें. शेवटची तारीख मृगावर न ठेवतां १० मे ठेवली व मागें मोजीत गेलों, तेव्हां काम एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यांत काढावें लागेल असें निघालें. त्या वर्षीं मान्सून २४ मे रोजीं केरळांत व २६ मे रोजीं मुंबईंत येऊन पोंचला. आमचें तळें तोंवर झांकलेलें होतें. तक्ता छापून पंपघराच्या दारावर लावला होता. पोकलेनवाल्यानें त्याच्याच कडेला आपल्या डिझेलचा हिशेब लिहून ठेविला आहे.