जळालेल्या ऑर्गनचा पंचनामा

३० नोव्हेंबर १९३६च्या रात्री लंडनच्या सिडनहॅम टेकडीवरचा काचेचा क्रिस्टल पॅलेस जळाला. त्या आगीत तिथला अवाढव्य पाइप ऑर्गनही गेला. ग्रे अँड डेव्हिसन या लंडनच्या कारखान्यानं १८५७मध्ये हॅन्डेल महोत्सवासाठी तो उभारला होता. हातांनी वाजवायचे चार कीबोर्ड, पायांसाठी वेगळा आणि नळ्या साडेचार हजारांच्या घरात.

असं वाद्य निदान कागदावर उभं करायचं, तर आधी हाती लागते ती स्टॉपांची यादी. कोणत्या जातीच्या नळ्या होत्या एवढं ती सांगते. आवाजाविषयी मूग गिळून बसते. पेटीत पितळी पत्ती थरथरते, पण ऑर्गनच्या बहुतेक नळ्यांत बासरीसारखी आतली हवाच कंप पावते. सोळा फुटी उघड्या नळीतून सेकंदाला ३२-३३ कंपनं निघतात. लांबी निम्मी केली की स्वर एक सप्तक चढतो. स्वभाव मात्र जाडीवर ठरतो. व्यासही त्याच हिशेबानं घटवला, तर वरचे स्वर किरटे होतात. एकोणिसाव्या शतकात वायमारच्या योहान ट्योप्फर यांनी त्याचं गणित मांडलं: लांबी तेराव्या नळीला निम्मी, व्यास सतराव्या नळीला. शिवाय कथील-शिशाचं प्रमाण, भात्याचा दाब आणि नळीच्या तोंडाची उंची. लहान नळीचं तोंड मिलिमीटरभर जास्त कापलं, तरी तिचा नूर पालटतो. हे कापणं कारागिराच्या कानावर चाले. त्याची कोण नोंद ठेवणार?

ध्वनिमुद्रण आहे, असं कुणी म्हणेल. आहे खरं. २९ जून १८८८ रोजी एडिसनचे प्रतिनिधी जॉर्ज गूरो यांनी याच वास्तूत हॅन्डेलचं समूहगान ‘इस्राएल इन इजिप्त’ मेणाच्या नळकांड्यावर टिपलं. ऑगस्ट मान्स यांचं संचालन, हजारो गायक. पण खरखरीतून समूहाचा गलबलाट तेवढा कानी येतो. कर्ण्याला खर्जातली कंपनं पकडताच येत नसत. त्यामुळे या नळकांड्यावर फार भिस्त ठेवू नये, असं मला वाटतं.

त्यापेक्षा लाइमहाउसच्या सेंट ॲन्स चर्चमध्ये जावं. १८५०च्या आगीत होरपळलेल्या या चर्चला मिळालेला ऑर्गन याच कारखान्याचा. १८५१च्या महाप्रदर्शनात, म्हणजे क्रिस्टल पॅलेस अजून हाइड पार्कात होता तेव्हा, तो मांडलेला होता. तो बराचसा मूळ रूपात टिकला आहे. त्याच्या नळ्यांचे व्यास, तोंडं आणि पत्र्याची जाडी मोजली, की सहा वर्षांनी घडलेल्या नळ्यांबद्दल अंदाज बांधता येतो. काचेच्या छताखालचा घुमारा मात्र इमारतीच्या नकाशांवरून संगणकावरच काढावा लागेल.